ज्याचं दुखणं, त्याचाच कागद: मराठवाड्यातल्या जिल्हा शल्यचिकित्सकांना खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हा शल्यचिकित्सक,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव

स. न. वि. वि.

आपल्या आठही जिल्ह्यांत आजारी माणसाचा कागद त्याच्याखेरीज बाकी सगळ्यांना बघायला मिळतो. कंपाउंडर बघतो, लॅबमध्ये नुकताच कामाला लागलेला पोरगा बघतो, सरकारी आरोग्य योजनेचं काम करणारा फोटो काढून नेतो, विमा एजंट मागून घेतो, ऊसतोड टोळीचा मुकादम स्वतःकडं ठेवून घेतो. आणि ज्याच्या अंगावर ते दुखणं आहे त्यानं फाइल मागितली की मात्र "साहेब नाहीत", "रेकॉर्डच्या खोलीची चावी नाही", "तुम्हाला कशाला पाहिजे?" अशी उत्तरं सुरू होतात. या उलट्या कारभाराला आपण आपल्या सहीच्या आदेशानं बराच आळा घालू शकता, म्हणून हे पत्र आपल्याला लिहितोय.

मी बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. औषध घ्यायला जेवढी माणसं येतात, जवळजवळ तेवढीच कागद वाचून घ्यायला येतात. "भाऊ, डॉक्टर काय म्हणू लालेत, बगा बरं जरा यात." डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, लॅबचा रिपोर्ट इंग्रजीत, सोनोग्राफीखालचा शेराही इंग्रजीत. त्यामुळे आमच्या गावात आणि भोवतालच्या वाड्या-तांड्यांवर कोणाला साखर आहे, कोणाची किडनी कमी चालते, कोणाच्या घरी पोट राहत नाही, हे मला ठाऊक असतं. शिवाय कायद्यानंच माझ्या हाती एक वही दिलेली आहे. शेड्यूल एच-1 मधली, म्हणजे जास्त कडक नियम असलेल्या यादीतली औषधं विकली की डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि ते किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहावं लागतं आणि ती वही 3 वर्षं सांभाळावी लागते. मार्च 2014 पासून हा नियम आहे. टीबीची औषधं, काही भारी अँटिबायोटिक्स, झोपेच्या आणि घाबरेपणाच्या काही गोळ्या या यादीत येतात. नियम चांगला आहे, अँटिबायोटिक्सचा बेसुमार वापर थांबावा म्हणून आला. पण अख्ख्या गावातल्या टीबीच्या आणि झोपेच्या गोळ्यांची नावनिशीवार नोंद असलेली ही वही कुलपात ठेवावी, असं आजवर एकाही तपासणीत मला कोणी सांगितलं नाही. मी ती कुलपात ठेवतो, कारण ती उघडी राहिली तर काय होतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका मुलीचं सांगतो. नाव, गाव, सगळं बाजूला ठेवून. तिला लहानपणापासून फीट यायची. लातूरच्या डॉक्टरांचे उपचार चालू होते, गोळ्या एक दिवस चुकत नव्हत्या, त्यामुळे कैक दिवसांत त्रास नव्हता. सोयरीक जमली, कुंकू लागलं. आणि एक दिवस पाहुण्यांकडून निरोप आला की आमचा विचार बदललाय. कारण विचारायला गेलेल्या मामाला त्यांनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. दवाखान्याची चिठ्ठी, वर मुलीचं नाव आणि वय, खाली गोळीचं नाव. गोळीच्या नावावर बोट ठेवून तिकडच्या कोणीतरी सांगितलं होतं की ही फीटची आहे.

मुलीचा बाप रात्री माझ्या दुकानात आला. गिऱ्हाईक हटेपर्यंत कडेला उभा राहिला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "भाऊ, तुमच्याकडून तर नाही ना गेलं?" औषध तो लातूरलाच दवाखान्याखालच्या मेडिकलमधून घ्यायचा, माझ्याकडं तिची नोंदही नव्हती. हे त्यालाही माहीत होतं. पण तो प्रत्येकाला विचारत फिरत होता. ती चिठ्ठी पाहिलेली माणसं मोजायला बसलो तर दवाखान्यातली तीन-चार, मेडिकलमधली दोन, योजनेचं कार्ड चालतं का म्हणून विचारलेला एक. यातल्या कोणी फोटो काढला हे शेवटपर्यंत कळलं नाही. तक्रार कुठं करायची हेही त्याला कळलं नाही. मलाही त्या वेळी नीट सांगता आलं नसतं.

सासरच्यांना आधी सांगायला हवं होतं की नको, यावर घरोघरी वेगवेगळी मतं निघतील. माझं मत सरळ आहे: सांगायचं की नाही, कधी आणि कोणत्या शब्दांत, हे त्या मुलीनं ठरवायचं होतं. पुढं झालं ते जास्त वाईट. बापानं लातूरला जाणं बंद केलं. नवी चिठ्ठी नको, कुठं नाव लागायला नको, म्हणून जुन्या चिठ्ठीवर कुठून कुठून गोळ्या आणू लागला. मध्येच खंड पडला. मुलीला चुलीपुढं फीट आली आणि उजवा हात कोपरापर्यंत भाजला. या सगळ्याची सुरुवात एका चिठ्ठीच्या फोटोपासून झाली, आजारापासून झाली नव्हती.

साहेब, "खेड्यात काय लपून राहतं?" असं उत्तर मला पुष्कळ डॉक्टरांनी दिलंय. खेड्यात अंदाज लपत नाही, हे खरं. कोण वारंवार बीडला जातो, कोण खंगत चाललाय, हे पारावर बसलेल्यांना दिसतं. पण अंदाज नाकारता येतो. कागदाचा फोटो नाकारता येत नाही. जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात तिथं दवाखान्याच्या कागदाला जास्तच जपायला हवं. पुण्या-मुंबईत रिपोर्ट फुटला तर तो अनोळखी लोकांत फिरेल. आमच्याकडं तो सरळ भावकीत जातो.

कायद्याची उणीव आहे म्हणावं तर तसंही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्याच्या कितीतरी आधी, 2002 साली, भारतीय वैद्यक परिषदेनं डॉक्टरांसाठी आचारसंहितेचे नियम केले. 2023 मध्ये आलेले नवे नियम स्थगित झाल्यामुळे आजही तेच लागू आहेत. त्यात दोन गोष्टी स्वच्छ लिहिल्यात. उपचार करताना कळलेली रुग्णाची गुपितं डॉक्टरनं उघड करायची नाहीत. न्यायालयाचा आदेश, कोणा विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका आणि कळवणं बंधनकारक असलेले आजार, एवढेच त्याला अपवाद. आणि रुग्णानं किंवा त्यानं अधिकार दिलेल्या माणसानं नोंदी मागितल्या तर 72 तासांत द्यायच्या. दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं जपायच्या, हेही त्याच नियमांत आहे. ही दोन्ही बंधनं एकाच नियमपुस्तकात आहेत, पण आमच्याकडं नेमकी दोन्ही पाळली जात नाहीत.

यातल्या दुसऱ्या गोष्टीचं मोल ऊसतोड बायांना विचारा. 2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भपिशव्या काढण्याचा विषय देशभर गाजला. विधान परिषदेच्या आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. पाहणी झाली तेव्हा 82 हजारांवर ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर खासगी दवाखान्यात हे ऑपरेशन करायचं तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी, असं ठरलं. बीडच्या कार्यालयाला हे मी सांगण्याची गरज नाही.

त्या काळात आणि त्यानंतरही अनेक बाया माझ्याकडं कागद घेऊन आल्या. हातात काय असायचं? घड्या पडून चिरलेलं एक डिस्चार्ज कार्ड. त्यावर ऑपरेशनचं इंग्रजी नाव, दाखल केल्याची आणि सोडल्याची तारीख, पाच-सहा गोळ्या. पिशवी का काढली ते नाही. काढलेली पिशवी तपासायला पाठवली होती का, त्या तपासणीत गाठ निघाली की काहीच निघालं नाही, ते नाही. आधीची सोनोग्राफी नाही. संमतीच्या कागदावर अंगठा कोणी दिला, तेही नाही. एकीची फाइल मुकादमाच्या गाडीच्या डिक्कीत होती. ऑपरेशनचे पैसे त्यानं दिले होते, ते पुढच्या सीझनच्या उचलीत, म्हणजे आगाऊ मजुरीत, धरले होते, आणि पैसे फिटेस्तोवर कागद माझ्याकडं राहू द्या, असं तो दवाखान्यातच म्हणाला. दवाखान्यानं फाइल त्याच्या हातात दिली. बाई शेजारी बसलेली होती. तिला कोणी विचारलं नाही, आणि तिलाही विचारावंसं वाटलं नाही, कारण ही फाइल आपली आहे हे तिला जन्मात कोणी सांगितलेलं नव्हतं.

तिच्या पोटाची माहिती मुकादमाला आहे. किती दिवस वजन उचलता येणार नाही, कोयता, म्हणजे नवरा-बायकोची तोडणीची जोडी, किती दिवस अर्धा पडणार, हे त्याला ठाऊक आहे आणि तो उचल त्या हिशोबानं ठरवणार. उद्या तिला कंबरदुखीसाठी अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात जायचं झालं, तर तिथल्या डॉक्टरांना दाखवायला तिच्याजवळ काहीही नाही. पहिल्यापासून सगळ्या तपासण्या, पुन्हा सगळा खर्च. आपल्याशी चुकीचं वागलं गेलं असं तिला वाटलं, तर ते सिद्ध करायचा एकमेव पुरावा दुसऱ्याच्या ताब्यात.

काही दवाखाने फाइल नाकारताना "ती गोपनीय असते" असं कारण देतात. रुग्णाची माहिती रुग्णापासूनच गोपनीय! गोपनीयता रुग्णाच्या संरक्षणासाठी आहे, तिच्या आडून दवाखान्यानं स्वतःला झाकून घेणं मला अत्यंत चीड आणणारं वाटतं. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालच्या नियमांत जानेवारी 2021 मध्ये सुधारणा झाली, रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. महापालिका हद्दीबाहेरच्या दवाखान्यांची नोंदणी आणि तपासणी आपल्या कार्यालयाकडून होते. माझी विनंती अशी की तपासणीला गेलेल्या अधिकाऱ्यानं भिंतीवरच्या फलकाबरोबर आणखी एक गोष्ट बघावी: गेल्या काही महिन्यांत किती रुग्णांनी नोंदी मागितल्या आणि किती जणांना 72 तासांत मिळाल्या. त्यासाठी एक आवक-जावक वही पुरते. ती वही कोरी असली, तर त्या दवाखान्यात नोंदी मागायची सोयच नाही, असं समजायला हरकत नाही.

सरकारी बाजूचं बोलल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, कारण खासगी दवाखान्यांकडं बोट दाखवणं सोपं आहे.

टीबीचं घ्या. 2012 पासून टीबीचा प्रत्येक रुग्ण सरकारला कळवणं बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे. हा हवेतून पसरणारा आजार, त्याचा हिशेब शासनाजवळ असलाच पाहिजे. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे नोव्हेंबर 2024 पासून महिन्याला 500 चे 1,000 झाले, हेही चांगलं झालं. पण शासनाला कळणं वेगळं आणि गल्लीला कळणं वेगळं. पोषण आहाराची पिशवी वाटताना रुग्णांना रांगेत उभं करून फोटो काढतात, मागं बॅनर, बॅनरवर क्षयरोगाचं नाव, शेजारी देणारे मान्यवर. संध्याकाळपर्यंत तो फोटो तालुक्याच्या प्रत्येक ग्रुपवर. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. पण फोटोतल्या त्या पोरीच्या हाताचं पाणी दुसऱ्या दिवसापासून कोणी घेत नाही, उपचारानं तिचा संसर्ग थांबलेला असला तरी. तिच्या वर्गातल्या मुली तिच्याजवळ बसत नाहीत. दोन-तीन किलो डाळ-शेंगदाण्यांसाठी तिनं ही किंमत का द्यावी? धान्य द्या, घरी पोचवा, फोटो काढू नका. यासाठी एक परिपत्रक आणि शून्य रुपये लागतात.

ग्रामीण रुग्णालयातल्या खिडकीवरही हेच. केस पेपर काढायला रांग लागलेली असते आणि आतून मोठ्यानं विचारलं जातं, "काय होतंय?" मागं उभे असलेले वीस जण उत्तर ऐकायला कान देऊन असतात. अंगावरून पांढरं जातंय असं बाईनं त्या खिडकीत कसं सांगायचं? ती "ताप आहे" म्हणते, तापाच्या ओपीडीत जाते, तापाच्या गोळ्या घेऊन घरी येते. मग दुपारी माझ्या दुकानात कोणी नाही असं बघून विचारते, "भाऊ, एक सांगू का?" मी औषध विकणारा माणूस आहे, डॉक्टर नाही. तिला परत दवाखान्यात पाठवणं एवढंच माझ्या हातात. ती परत जात नाही.

आपल्याच खात्यात हे नीट चालतं, अशी एक जागा आहे. एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं केंद्र. तिथं रुग्णांसाठी समुपदेशनाची वेगळी खोली असते, नावाऐवजी नंबर चालतो, कागद कुलपात असतात, चाचणीआधी संमती विचारतात. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध कायदा 2017 चा, तो 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. एखाद्याची एचआयव्हीची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. कायदा येण्याच्या आधीपासूनच हे काम करणाऱ्यांनी ही शिस्त घालून घेतली होती, कारण गुप्तता राखली नाही तर माणूस तपासणीलाच येणार नाही, हे त्यांना सुरुवातीलाच उमगलं. तेच रुग्णालय, तोच पगार, तीच गर्दी. एका खोलीत जमतं, तर शेजारच्या खोलीत का जमू नये?

आणि ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज आहे त्या शेतकऱ्यांबद्दल. आत्महत्या थांबाव्यात म्हणून मराठवाडा-विदर्भातल्या जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आला. आशाताई घरोघर जाऊन विचारतात: झोप लागते का, जेवण जातं का, जगू नये असं वाटतं का? हे प्रश्न ओसरीवर, सासू-सुना, शेजारी आणि पोरांसमोर विचारले तर कोणता गडी हो म्हणेल? कर्जानं पिचलेला माणूस आणखी एका गोष्टीला भितो, ती म्हणजे "याच्या डोक्यावर परिणाम झालाय" हा शिक्का. तो लागला की उसने मिळत नाहीत, बटईनं रान मिळत नाही. मानसिक आरोग्य कायदा 2017 नं या रुग्णांना गोपनीयतेचा हक्क वेगळ्या कलमात दिलाय, आपल्या नोंदी बघण्याचा हक्कही दिलाय. आशाताईंचा दोष नाही. त्यांच्या डोक्यावर कामाचा डोंगर आहे आणि नोंदवह्या पिशवीत घेऊन त्या उन्हातान्हात फिरतात. त्यांना कोणी सांगितलंय का, की हा प्रश्न माणसाला एकट्याला गाठून विचारा, त्याचं उत्तर वहीत नाव घालून लिहू नका, नंबर घाला? प्रशिक्षणात हे अर्ध्या तासात शिकवता येईल.

व्हॉट्सअॅपबद्दल तर आदेशच निघावा. 2020 मध्ये कोरोना पॉझिटिव्ह रुग्णांच्या याद्या नाव, वय, गावासकट गावोगावच्या ग्रुपवर फिरल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. कोणाच्या घराकडं लोक बघेनासे झाले, कोणाचं दूध बंद झालं. त्या याद्या यंत्रणेच्या आतूनच बाहेर आल्या होत्या. ती सवय अजून मोडलेली नाही. रिपोर्ट लॅबकडून डॉक्टरला, डॉक्टरकडून कंपाउंडरला, कंपाउंडरकडून कधी कधी माझ्या मोबाइलवर येतो, "या पेशंटला औषध काढून ठेवा" म्हणून. सोयीचं आहे, कबूल. पण प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो रिपोर्ट तसाच पडून राहतो आणि तो मोबाइल पोरांच्या हातात असतो. रुग्णाचा रिपोर्ट रुग्णाच्या नंबरवर पाठवावा आणि पुढं कोणाला द्यायचा ते त्याला ठरवू द्यावं.

कागदाची रद्दी हा आणखी एक दुर्लक्षित विषय. जुन्या एक्स-रे फिल्ममधून चांदी निघते म्हणून भंगारवाले त्या विकत घेतात, आणि फिल्मच्या कोपऱ्यात नाव, वय, तारीख तशीच असते. जुने केस पेपर रद्दीत जातात. मुदत संपलेला कागद फाडून, बारीक करून नष्ट केला आणि त्याची नोंद ठेवली, एवढं तरी सक्तीचं करा. वैद्यकीय गर्भपाताच्या नोंदवहीला तर नियमांनीच गुप्त दस्तऐवज म्हटलंय, आणि 2021 च्या सुधारणेनं अशा महिलेचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद केलीय. ती वही कुठं, कोणाच्या ताब्यात असते, हे तपासणीत विचारलं जातं का?

आता सगळं संगणकावर चाललंय. ओपीडीच्या खिडकीवर आधार मागतात, मोबाइलवर आलेला ओटीपी विचारतात आणि आभा क्रमांक निघतो, म्हणजे माणसाच्या आरोग्याच्या नोंदी जोडणारा चौदा आकडी क्रमांक. निघाला हे म्हातारीला कळतही नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आभा ऐच्छिक आहे, माणसाच्या नोंदी त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला दिसू नयेत अशी त्याची रचना आहे. रचना चांगली. पण "ओटीपी सांगा, नाहीतर केस पेपर निघणार नाही" असं म्हटलं की ती संमती राहत नाही. खिडकीवर मराठीत चार ओळींचा फलक लावा की हे ऐच्छिक आहे, नको असेल तर साधा केस पेपर मिळेल.

संगणकावरच्या माहितीचं काय होऊ शकतं, हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेचे सर्व्हर सायबर हल्ल्यानं ठप्प झाले होते. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयाच्या तपासणी खोलीतलं महिलांचं सीसीटीव्ही चित्रण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघड झालं, आणि गुजरात पोलिसांनी पकडलेल्यांत एक जण लातूरचा होता. ती बातमी वाचल्यापासून मी प्रत्येक दवाखान्यात गेलो की वर बघतो. तपासणीच्या खोलीत, इंजेक्शनच्या खोलीत कॅमेरे असतात. चोरीच्या आणि मारहाणीच्या भीतीनं डॉक्टर कॅमेरे लावतात, ती भीती खरी आहे. कॅमेरा दारात असू दे, कॅश काउंटरवर असू दे. बाईला जिथं पदर बाजूला करावा लागतो तिथं तो कशासाठी? त्याचा पासवर्ड कोणाकडं आहे? कॅमेरा बसवून गेलेल्या दुकानदाराकडं तर नाही ना?

डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि दवाखान्यांसकट सगळ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. माहिती सांभाळण्यात हयगय झाली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. मोठ्या रुग्णालयांचे वकील त्याची तयारी करतील. पण हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. आमच्याकडची अर्धी माहिती अजून कागदावर, वहीत आणि तोंडात आहे. तिला हा कायदा लागणार नाही, तिथं आपलाच आदेश लागेल.

एक अडचण मला मान्य आहे. आमच्याकडं रुग्ण एकटा येत नाही. बरोबर भाऊ, मेहुणा, सरपंच, शेजारी, सगळे डॉक्टरच्या खोलीत शिरतात. पैसे त्यातलाच कोणीतरी देणार असतो. डॉक्टर कोणाला बाहेर काढणार? पण रुग्णाकडं बघून "यांच्यासमोर बोलू का?" एवढं विचारायला काही अडत नाही. काही जुन्या डॉक्टरांना मी हे करताना पाहिलंय. तपासायच्या निमित्तानं ते रुग्णाला पडद्याआड घेतात आणि तिथं विचारतात. बाईचा नवरा रिपोर्ट मागायला आला तर "त्यांना घेऊन या" म्हणतात. नवरा चिडतो, पण पुन्हा त्याच दवाखान्यात येतो, कारण आपलंही गुपित इथं फुटणार नाही, हे त्याला कळलेलं असतं.

तेव्हा मागणी एवढीच, की आपण आपापल्या जिल्ह्यासाठी लेखी आदेश काढावा. नोंदी 72 तासांत, झेरॉक्सच्या खर्चात, रुग्णाच्याच हातात किंवा त्याच्या लेखी संमतीनं. मुकादम, एजंट, नातेवाईक यांना संमतीशिवाय काहीही नाही. खिडकीवर आजार विचारायचा नाही. रुग्णाचे फोटो आणि याद्या ग्रुपवर टाकायच्या नाहीत. तपासणीच्या खोलीत कॅमेरा नाही. सरकारी आणि खासगी, दोघांना सारखंच. आणि हे मोडलं तर तक्रार कोणाकडं करायची, त्या माणसाचं पदनाम आणि फोन नंबर त्या आदेशावर असावा. 2021 च्या नियमांत तक्रार निवारणाची आणि टोल फ्री क्रमांकाची तरतूद आहेच, पण आमच्या गावात तो क्रमांक कोणालाही पाठ नाही, कारण तो कुठं लावलेलाच नाही.

ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला कारखान्यांकडं निघतात. त्याआधी गावोगाव आरोग्य तपासणी होते, त्याच वेळी बायांना सांगता येईल की आपली फाइल आपण मागून घ्यायची असते. आदेश त्यापूर्वी निघाला तर बरं होईल. त्याची मराठी प्रत मला मिळाली की मी ती माझ्या काउंटरवर, बिलाच्या पुस्तकाशेजारी, सगळ्यांना वाचता येईल अशी लावीन. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवीन. जिल्ह्यातल्या इतर दुकानदारांशी बोलणं माझं मी करतो.

कळावे,
आपला विश्वासू,
एक औषध विक्रेता,
बीड जिल्हा